चौदा माणसांचं गाव

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "चौदा माणसांचं कसलं आलंय गाव, ती तर वस्ती झाली." फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून निकोडेमसबद्दल सविस्तर लिहिते. जन्मभर तलाठ्याचं दप्तर सांभाळलेल्या माणसाला याचा हिशोब माझ्यापेक्षा लवकर कळेल.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्येला ग्रॅहम काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सॉलोमन नदीजवळ हे गाव आहे. 1877 साली ते वसलं, तेही गुलामगिरीतून सुटलेल्या केंटकीच्या काळ्या लोकांसाठी. जमिनीचा दलाल डब्ल्यू. आर. हिल गोरा होता, बाकीचे सहा संस्थापक काळे. गाव वसवायला त्यांनी नगर कंपनी काढली, तिचे पाद्री डब्ल्यू. एच. स्मिथ अध्यक्ष आणि हिल खजिनदार. त्या सप्टेंबरात तीनेकशे माणसं रेल्वेने एलिसपर्यंत आली आणि तिथून पस्तीसेक मैल चालत गेली. जाहिरातीत गाव होतं, पोचल्यावर नुसतं गवत. बरेच जण लगेच माघारी फिरले.

आता जमिनीचं. इथे गट नंबर नाहीत, ओढ्या-बांधाच्या हद्दीही नाहीत. सरकारने आधी कागदावर चौकोन आखले आणि माणसं मागाहून आली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद तुकडा म्हणजे एक टाउनशिप. तिचे 36 भाग, प्रत्येक भाग एक मैल चौरस, म्हणजे 640 एकर. भागांचे नंबर ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात आणि नांगराच्या तासासारखे एकदा पश्चिमेला, मग पूर्वेला असे जातात. 16 आणि 36 नंबरचे भाग शाळांसाठी राखीव. भागाचा चतकोर 160 एकर, तुमच्या भाषेत 6400 गुंठे. 1862 च्या होमस्टेड कायद्याने हा चतकोर जवळपास फुकट मिळे. सगळी फी मिळून साधारण 18 डॉलर, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार आणायचे. मधे जमीन सोडून गेलात तर हक्क गेला. गावठाणातला प्लॉट वेगळा, त्याचे पाच डॉलर नगर कंपनी घेई. शेत आणि प्लॉट या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या नाहीत की या गावाचे जुने कागद वाचताना गोंधळ उडतो.

आई, 160 एकर ऐकून तुला ते जमीनदार वाटतील, पण तसं नव्हतं. पाऊस आपल्या सोलापूरकडच्याइतकाच, वर हिवाळ्यात सगळं गोठतं. अशा जमिनीत गहू दरसाल येत नाही. एक हंगाम रान पड ठेवून ओल साठवावी लागते. मग पेरणीखाली राहते निम्मी जमीन, 80 एकर. सुरुवातीला तर तेवढीही नाही, कारण गवताच्या मुळांचं जाळं इतकं घट्ट की साध्या नांगराचा फाळ आत शिरत नाही, आणि घोड्यांच्या जोड्या गावात मोजक्याच. अशा रानात कुऱ्हाडीने चीर पाडून मका टोकायची पद्धत होती. पीक बेताचंच येई, पण मुळं कुजून पुढच्या वर्षी नांगर चाले.

घरं जमिनीतच. उताराला खोदून तीन बाजू मातीच्या ठेवायच्या आणि दर्शनी भिंत दगडाची किंवा गवताळ ढेपांची करायची. वर वासे, त्यावर काटक्या, त्यावर पुन्हा माती. अशा घराचा घात छपरापासून होतो. पाऊस थांबला तरी आत दोन दिवस ठिबकत राहतं, आणि ओल्या छपरावर चुकून गाय चढली तर सरळ घरात. लाकूड नाही, म्हणून चुलीत सूर्यफुलाच्या वाळक्या काड्या आणि वाळलं शेण. गोवरी मात्र थापलेली नसे, रानात पडलेली तशीच वेचायची. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी त्यांना अन्न दिलं, नाहीतर गाव तिथेच संपलं असतं.

पण ते टिकलं, आणि 1880 नंतर चांगलं उभं राहिलं. दुकानं, चर्च, शाळा, हॉटेल, दोन वर्तमानपत्रं. इथला एडवर्ड मकेब 1882 साली राज्याचा हिशेब तपासनीस म्हणून निवडून आला. राज्यभराच्या मतांवर निवडून आलेला कॅन्ससमधला तो पहिला काळा माणूस.

मग रेल्वे आली, किंवा खरं तर आली नाही. 1887 मध्ये लोकांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीला गावातून रूळ नेण्यासाठी 16,000 डॉलरचे रोखे द्यायचं मतदान करून ठरवलं. कंपनी फिरकली नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, सहाएक मैलांवरून. तिथल्या कामगारांच्या तळाचं झालं बोग गाव, आणि निकोडेमसचे दुकानदार तिकडे गेले. बैलगाडीच्या वाटेने सहा मैल तुम्हाला काही वाटणार नाहीत, बाबा. पण गव्हाची प्रत्येक गाडी तिकडेच रिकामी होणार असेल तर परतताना मीठ-तेलही तिथूनच घेतलं जातं. तोच रूळ पुढे हिल सिटीला गेला. दलाल हिलने आपल्या नावाचं ते दुसरं गाव वसवलं होतं, आणि काउंटीचं मुख्य ठिकाणही तेच झालं. याला योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आकड्यांबद्दल मात्र सावध राहायचं. 1890 च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते 1921 च्या आगीत आणि नंतरच्या विल्हेवाटीत जवळपास सगळे गेले. म्हणजे भरभराटीचा काळ नेमका हरवला. कॅन्सस राज्य तेव्हा पाचाने संपणाऱ्या वर्षी स्वतःची गणती करायचं, म्हणून 1885 आणि 1895 चे कागद बघायचे. दुसरं, गाव आणि टाउनशिप दोघांचं नाव एकच. टाउनशिपच्या आकड्यात आसपासची शेतंही येतात. जुना मोठा आकडा टाउनशिपचा आणि आजचा गावाचा घेऊन कुणी "इतकी घट" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तिसरं, 2020 मध्ये जनगणना खात्याने लहान गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केला, कुणा एकाची माहिती ओळखू येऊ नये म्हणून. नेब्रास्कातल्या मोनोवाईत राहत होती एकच बाई आणि छापून आले दोन. त्यामुळे निकोडेमसचे 14 म्हणजे चौदाच्या आसपास. काउंटीचा आकडा जास्त भरवशाचा: 1910 ला 8,700, 2020 ला 2,415.

म्हणजे ओस फक्त निकोडेमस पडलं नाही, सगळा मुलूखच विरळ झाला. आपल्याकडे वाटण्या होऊन शेतं लहान होतात, इथे उलटं झालं. 160 एकरांवर भागेना, 1930 च्या दशकात धुळीची वादळं आली, एकाने सोडलेली जमीन शेजाऱ्याने घेतली. आता हजार-दोन हजार एकर कसणारं एक कुटुंब नवलाचं नाही. जिथे चार घरं होती तिथे एकही चूल नाही. निकोडेमसचं टपाल 1953 मध्ये बंद झालं, शाळाही पुढे काही वर्षांत.

आणि तरी वस्ती म्हणू नका, बाबा. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी या गावातून गेलेल्यांची मुलं-नातवंडं देशभरातून येतात. मिरवणूक, जेवणावळी, प्रवचन. निमित्त 1 ऑगस्ट 1834 चं, त्या दिवशी इंग्रजांच्या वेस्ट इंडीज बेटांवर गुलामगिरी संपली. आपल्या जत्रेला मुंबईकर येतात तसंच. जनगणना माणूस नेहमी जिथे झोपतो तिथे मोजते, त्यामुळे ही माणसं चौदात धरलेली नाहीत.

पुढच्या जुलैत आलात तर जाऊ. 24 नंबरचा हायवे गावाला लागूनच आहे. 1996 पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि जुन्या पाच इमारती जपल्या आहेत. सेंट फ्रान्सिस हॉटेल त्यांतलंच, पण नावापुरतं. मुक्काम हिल सिटीला किंवा स्टॉकटनला करावा लागेल. आई, ऊन कडक आणि झाडं कमी, तेव्हा टोपी आणि सुती साड्याच आण. बाबा, टाउनशिपचा नकाशा छापून सोबत पाठवते आहे. 16 आणि 36 नंबर कुठे पडतात ते आधी स्वतः शोधा, मग मला फोन करा.

तुमची,
धाकटी