कृषिमंत्र्यांना खुले पत्र: मृदा आरोग्य पत्रिकेत १२ रकाने, पण माती जिवंत आहे का?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी लातूर जिल्ह्यातला सोयाबीन-तुरीचा शेतकरी. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची, म्हणजे शेतातली माती तपासून शेतकऱ्याला लेखी अहवाल द्यायची, योजना आली. आमच्या घरी तशा दोन पत्रिका जपून ठेवल्या आहेत. सामू (pH), विद्युत वाहकता (क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन), नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, असे १२ रकाने. त्यातला एकही मातीतल्या जिवाणू-बुरशीबद्दल बोलत नाही. सेंद्रिय कर्ब आहे ना, असं अधिकारी म्हणतात. साहेब, ती गव्हाणीतली वैरण झाली. दावणीला जनावर आहे का, ते वैरण मोजून कसं कळणार?

स्फुरदाचंच घ्या. पत्रिकेत 'कमी' लिहून येतं आणि आम्ही डीएपी या स्फुरदाच्या खताचं पोतं उचलतो. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात त्यातला बराचसा स्फुरद चुन्याशी बांधला जातो. तो सोडवायचं काम आम्लं तयार करणारे जिवाणू करतात, आणि मुळांशी सोयरीक केलेली मायकोरायझा बुरशी मुळं पोचत नाहीत तिथून तो आणून देते. हे मजूर रानात हजर आहेत का, हे कुणी विचारत नाही.

सोयाबीनचं तर विचारूच नका. पीक चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं झालं की झाड अलगद उकरून मुळावरची गाठ नखानं फोडावी. आत लालसर गुलाबी दिसली तर जिवाणू हवेतला नत्र बांधतायत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ नुसती नावाला. एका वर्षी माझ्या रानात पांढऱ्याच निघाल्या. बियाण्याला जिवाणू संवर्धक, म्हणजे हेच जिवंत जिवाणू असलेली भुकटी, लावलं होतं, पाकिटावरची मुदतही संपलेली नव्हती. पण दुकानात ते खोकं अख्खा मे महिना पत्र्याखाली तापत पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. अर्धी चूक माझीही होती. बुरशीनाशक आणि संवर्धक एकाच घमेल्यात कालवलं. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी, हा क्रम मला पुढच्या वर्षी कळला, तोही शेजाऱ्याकडून.

२००६ पासून जिवाणू खतं, म्हणजे अशी संवर्धकं, खत नियंत्रण आदेशात आहेत. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा नियम आहे. कारखान्यातून निघताना ते असतीलही. माझ्या बियाण्याला लागतात तेव्हा किती उरतात? म्हणून माझं पहिलं मागणं: जूनच्या तोंडावर दुकानाच्या फळीवरचे नमुने घ्या, जिवंत संख्या मोजा आणि निकाल पेरणीआधी गावात लावा. आणि संवर्धक सावलीत, थंड जागी ठेवणाऱ्या दुकानालाच ते विकायची परवानगी द्या.

दुसरं मागणं याहून स्वस्त आहे: माती जिवंत आहे का, तेही तपासा. सुती कापड मातीतले जिवाणू-बुरशी खातात, त्यावरूनही अंदाज येतो. गेल्या खरिपात मी पेरणीच्या दिवशी दोन जुने सुती बनियन वीतभर खोल पुरले. एक बांधालगतच्या गवताळ पट्ट्यात, दुसरा त्या तुकड्यात, जिथे आम्ही वर्षानुवर्षं धसकटं आणि काडीकचरा पेटवत आलो. पोळ्याला उकरले. बांधाकडच्याची नुसती शिवण हाती आली, कारण तिचा दोरा सुती नव्हता. पेटवलेल्या तुकड्यातला बनियन धुऊन पुन्हा घालता आला असता. घरच्यांनी मला वेड्यात काढलं, पण काडी पेटवणं त्या दिवसापासून बंद झालं. कृषी सहायकांची इतकी भाषणं ऐकली, त्यांना जे जमलं नाही ते बनियननं करून दाखवलं.

ही काटेकोर चाचणी नव्हे, मला ठाऊक आहे. ओल कमी-जास्त झाली तरी निकाल बदलतो. काटेकोर पद्धतीही आहेत: माती किती श्वास (कार्बन डायऑक्साइड) सोडते ते मोजणं, किंवा जिवंत जिवाणूंमधल्या डिहायड्रोजिनेज या विकराची (एन्झाइमची) चाचणी. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांना हे नवं नाही. पत्रिकेत तेरावा रकाना घालायचा ठरलं तर मर्यादा कुठल्या मातीला किती धरायच्या, हे त्यांनाच विचारा. काळ्या रानाचं माप कोकणातल्या जांभ्याला लावू नका, एवढंच सांगतो.

शेण-गोमूत्राचं जीवामृत की युरिया या भांडणात मला पडायचं नाही. युरिया मीही टाकतो. पण आयता नत्र मिळाला की झाड गाठीतल्या जिवाणूंना पोसायचं टाळतं, हे पोत्याच्या शिफारशीशेजारी एका ओळीत तरी छापून यावं.

यंदा मी चार तुकड्यांत कापड पुरणार आहे. पोळ्याच्या सुमारास या भागात दौरा असेल तर कळवावं, तोवर उकरायचं थांबतो.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक