रंगाआधी वजन विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पंचगंगेच्या घाटावर गळ टाकणाऱ्यांना कोल्हापुरात तोटा नाही. पण मालवणहून होडी करून खोल समुद्रात जायचे ठरल्यावर माशासारख्या दिसणाऱ्या रबरी आमिषांविषयी विचारायला आम्हाला आपले दुकान सोडून दुसरे ठिकाण सुचले नाही. गिऱ्हाइकांची गर्दी असतानाही आपण आम्हाला जो वेळ दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

आम्ही रंग विचारत होतो आणि आपण विचारत होता की पाणी किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोल असेल आणि प्रवाहाची ओढ कशी असेल. दहा-बारा वाव पाण्यात साधारण ३० ते ४० ग्रॅमच्या जिग हेडपासून (म्हणजे गरी बसवलेल्या वजनदार डोक्यापासून) सुरुवात करावी, तळ लागल्याचे हाताला जेमतेम कळेल इतकेच वजन ठेवावे आणि ओढ वाढली तरच ते वाढवावे, कारण गरजेपेक्षा जड आमिष शेपूट न हलवता धाडकन खाली जाते आणि खडकात अडकते, हे आपण सांगितलेत. ब्रेडचा, म्हणजे विणलेला, दोरा बारीक असल्याने तो पाण्याची ओढ कमी धरतो, म्हणून तेच वजन त्यावर लवकर तळाला जाते, हेही तेव्हाच कळले.

त्यानंतर आपण जिग हेड आमिषाच्या अंगाशेजारी धरलेत, गरीचे टोक पाठीवर जिथे बाहेर यायला हवे तिथे नखाने खूण केलीत आणि नाकातून गरी सरळ ओवून दाखवलीत. अंग किंचितही वाकडे बसले, तर आमिष भोवऱ्यासारखे फिरते आणि दोऱ्याला पीळ पडतो.

सुरमईसाठी आम्ही उचललेले महागडे पाकीट आपणच परत फळीवर ठेवलेत. तिचे दात मऊ शेपूट एका चाव्यात कापतात, तेव्हा तिच्यासाठी धातूची जिग (अख्खे धातूचे आमिष) घ्यावी आणि रबर खडकाजवळच्या तांबोशी-गोबऱ्यासाठी राखावे, हा आपला सल्ला दुकानदाराच्या तोंडी दुर्मीळच म्हणायचा. तारलीच्या मापाचे, पसरट शेपटीचे पांढरे आमिष आपण निवडून दिलेत. लाल रंग खोलीत सर्वांत आधी काळवंडतो, हे त्यामागचे कारण. दुपारी ओढ वाढल्यावर वजन वाढवले आणि त्याच पांढऱ्या आमिषावर तांबोशी लागली.

घरी आल्यावर जिग हेड गोड्या पाण्यात धुतली. मुडपलेल्या शेपट्या गरम पाण्यात बुडवून सरळ केल्या. टीपीई या रबरासारख्या प्लास्टिकची, जास्त ताणली जाणारी आमिषे साध्या पीव्हीसी प्लास्टिकच्या आमिषांपासून वेगळ्या, मूळ पाकिटातच ठेवली आहेत, कारण एकत्र राहिली की ती एकमेकांना वितळवतात.

१ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारीबंदी संपल्यावर पुन्हा जाण्याचा विचार आहे. यंदा जरा जास्त खोल पाण्यात जाऊ, म्हणून ६० ग्रॅमची थोडी जिग हेड बाजूला काढून ठेवावीत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
घाटावरचा एक गळवाला
कोल्हापूर