अण्णांना चालायला लावणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

आदरणीय ताई,

अण्णांच्या गुडघ्यांसाठी म्हणून तुम्ही गिरगावात आमच्या चाळीत आलात आणि गुडघ्यांना हात लावायच्या आधी त्यांना गॅलरीतून चालून दाखवायला सांगितलंत. पाय फरशीला चिकटल्यासारखे, पाऊल उचलायचं नाही, घासत सरकायचं. वळताना तर जागच्या जागी बारीक बारीक पावलं. तुम्ही पायांकडे बघत मला विचारलंत, "लघवीला पोचेपर्यंत आवरतं का? आणि विसरणं कधीपासून? आधी चालणंच बिघडलं ना?"

तोवर एका डॉक्टरांनी गुडघे म्हटलं होतं, दुसऱ्यांनी प्रोस्टेट, तिसऱ्यांनी वय. तिन्ही धागे एकत्र बांधले ते तुम्ही. लगेच न्यूरोलॉजिस्टकडे न्या म्हणालात. निदान झालं, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचण्याचा आजार. कोलंबियाचे डॉ. हाकिम आणि अमेरिकेतले डॉ. अॅडम्स यांनी १९६५ मध्येच या आजाराचं वर्णन केलंय, तरी आमच्या कानावर कधी आला नव्हता.

रिपोर्ट घेऊन आम्ही भेदरून बसलो होतो, तेव्हा तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मेंदू काढून समजावलंत. वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के. साठा जवळपास नाहीच. ग्लुकोज आणि ऑक्सिजन रक्तातून सतत यायला हवं. मेंदूच्या पोकळ्यांत आणि भोवती साधारण १५० मिली पाणी असतं, रोज अर्धा लिटर नवं तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. निचरा बिघडला की पोकळ्या फुगतात, लगतचे तंतू ताणले जातात, तिथला रक्तपुरवठा मंदावतो. दाब मोजला तर नॉर्मलच निघू शकतो. "सगळ्या पेशी मेल्यात असं समजू नका. काही उपाशीपोटी तग धरून आहेत," हे तुमचं वाक्य सासूबाई अजून जो भेटेल त्याला सांगतात. त्याच वाक्यावर त्या ऑपरेशनला तयार झाल्या.

पाठीतून थोडं पाणी काढून बघायची टॅप टेस्ट झाली, तेव्हा सुट्टी असूनही तुम्ही आलात. आधीचं आणि नंतरचं चालणं तुम्हीच मोबाईलवर घेतलंत. नंतरच्या व्हिडिओत अण्णा दाराशी वळतात, भिंतीला न धरता. तो बघून माझ्या नवऱ्याला रडू आवरलं नाही.

ऑपरेशन करून शंट बसवला, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी. आता अण्णा एकटे जिना उतरून पेपर आणतात, डायपर सुटले. विसरणं सगळं गेलेलं नाही. स्मृतीचा भरवसा सर्वात कमी धरा, हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतंत, म्हणून मन खट्टू झालं नाही. एमआरआय करायचा झाला तर शंटच्या व्हॉल्व्हचं आधी सांगायचं, तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवलाय.

ताई, तुमची फी आम्ही दिली, पण त्या फीत यातलं काहीच बसत नव्हतं. मनापासून आभार. अण्णांचा निरोप आहे, गणपतीत जेवायलाच यायचं, नुसतं दर्शन घेऊन पळायचं नाही.

तुमची,
अण्णांची सून