मन्या, चिमीचा नंबर वाढला

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

आईचा गुडघा तसाच, माझं बीपी आटोक्यात. लिहायचं कारण चिमी. गेल्या दिवाळीत सव्वा होता, आता दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेतीन. थेंब टाकून, बाहुल्या मोठ्या करून तपासलं, त्यामुळे शंकेला जागा नाही. नाकावर ती जड लोखंडी फ्रेम, डॉक्टर एकेक काच सरकवतायत, आणि ही मध्येच ओरडली, "दिसलं, दिसलं!" मला चौथीतला तूच आठवलास, फळ्यावरची गणितं माझ्या वहीतून उतरवणारा.

आई म्हणते, चष्मा लावूच नका, त्यानंच नंबर वाढतो. तसं काही नसतं रे. बुबुळामागे डोळाच लांबत जातो. एक मिलिमीटर लांबला की नंबर अडीच-तीननं चढतो, आणि लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. सहाच्या पुढे गेलं की डोळ्यातला पडदा सुटायची धास्ती. तुला काय सांगायचं! कोपऱ्यातून काळी सावली सरकत आली म्हणालास, त्या रात्री काकूंजवळ मीच बसलो होतो.

नंबर वाढायचा वेग कमी व्हावा म्हणून रात्री ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब सुरू केलेत. शिवाय रोज दोन तास दिवसाउजेडी बाहेर. चीनमध्ये ग्वांगझूच्या १२ शाळांत हे करून पाहिलंय. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांत तिथल्या ३० टक्के मुलांना मायोपिया, म्हणजे हाच मायनस नंबर, झाला, बाकीच्या शाळांत जवळजवळ ४० टक्के. तैवाननं तर २०१० पासून शाळाशाळांतून रोज १२० मिनिटांचा आग्रह धरलाय. चष्मा लागलेल्यांना याचा उपयोग कमी, न लागलेल्यांना जास्त. म्हणजे चिमीपेक्षा तिच्या मागून येणाऱ्या पोरांसाठी मैदान हवं.

आणि तिच्या शाळेनं नेमकं आत्ता अर्धं मैदान पत्रे ठोकून बंद केलंय! तिथे स्मार्ट क्लासची इमारत होणार. पहिली-दुसरीची पोरं मधली सुट्टी व्हरांड्यात काढतात. पालकसभेत मी ग्वांगझूचं सांगितलं, तर उत्तर आलं, "खेळून मार्क मिळत नाहीत." पुढच्या जूनच्या प्रवेशांपलीकडे त्यांची नजर पोचतच नाही, मन्या. पोरांचे डोळे जन्मभर पुरायचेत, हे कुणाच्या गावीही नाही. माझा नुसता संताप होतो.

तू म्हणशील, आपण दिवेलागणीपर्यंत मैदानावर असायचो, तरी तुला भिंगं लागलीच. अण्णांकडून आलेलं ते, मैदानाचा दोष नाही. (आणि तो रनआउटच होता. तुला स्टंप दिसले नाहीत, मला दिसले.)

बदलीचं काय झालं? वहिनींचा क्लास सुरू झाला का? प्रज्ञाला दहावीसाठी शुभेच्छा कळव.

पुढच्या शनिवारी पुन्हा पालकसभा आहे. माझे आकडे त्यांनी ऐकून सोडून दिले. तू ये आणि त्या काळ्या सावलीचं सांग, बाकी काही बोलू नकोस. सकाळच्या एसटीनं निघालास तर जेवायला घरी पोचशील. चिमीही तुझा चष्मा आणि तिचा चष्मा शेजारी ठेवून बघायचा म्हणतेय.

तुझा,
दिल्या