आशाताईंना, एका रेघेबद्दल

आशाताई,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि तुम्हाला रोज त्याच उंबऱ्यांवर जायचं असतं.

धाकटी नऊ महिन्यांची असताना तुम्ही वजन करायला आलात. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात मी विचारलं, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय करू? दोन्ही मुली, त्यामुळे तिसऱ्याची बोलणी धाकटीच्या बारशातच सुरू झालेली. तांबी नको होती. जावेची सासूबाईंनी दोन महिन्यांत काढायला लावली होती. तुम्ही 'अंतरा'चं नाव घेतलंत. तीन महिन्यांतून एक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट.

"यांची सही?"

"लागत नाही. तुझी संमती पुरते."

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला हे ठाऊक नव्हतं.

त्याच दमात तुम्ही हेही सांगितलंत, की पाळी मागेपुढे होईल, कदाचित बंदच होईल. पुढे मूल हवंसं वाटलं तर शेवटच्या इंजेक्शननंतर ७ ते १० महिने जाऊ शकतात. काही लपवलं नाहीत, म्हणून विश्वास बसला. गोवराच्या लसीला म्हणून निघाले आणि दोघीही टोचून घेऊन आलो.

पाळी खरंच बंद झाली. आमच्याकडे सून कधी बाहेर बसली याचा हिशेब दुधाच्या हिशेबाइतका चोख. दुसरा महिना तसाच गेला आणि सासूबाई खुलल्या. मला साजूक तुपातला शिरा मिळू लागला! (छान असायचा, खोटं कशाला बोलू.) मग त्यांनीच तुम्हाला बोलावलं. तुम्ही पिशवीतून दिवस राहिलेत का ते बघायचं निश्चय किट काढलंत, थेंब टाकलेत, आणि आम्ही तिघी त्या पट्टीकडे बघत बसलो. एकच रेघ. "अंगावर पाजणाऱ्यांची पाळी अशी होते, मावशी." खोटं नव्हतं; सगळं खरं नव्हतं एवढंच. उठताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. पाहिलं असतंत तर मी हसले असते.

यांना चौथ्या इंजेक्शननंतर सांगितलं. दोन दिवस अबोला, मग "दंड दुखतो का?" आईला मात्र सांगू नको म्हणाले. स्वतःच्या अंगाचा निर्णय चोरून घ्यावा लागतो, हा राग काही जात नाही. आणि त्यात तुम्हाला, पगार नाही, नुसत्या मोबदल्यावर राबणाऱ्या बाईला ओढलं, याची लाज वाटते.

पाचवं येत्या गुरुवारी. या वेळी धाकटीच्या लसीचं निमित्त नाही. काहीतरी सुचवून ठेवा.

तुमची,
दोन मुलींची आई