सोलापूरच्या बोरला भरती-ओहोटी येत नाही (तक्रार)

मॅनेजर साहेब,

तुमच्या हेल्पलाइनचा अकरावा कॉल आत्ताच संपला, म्हणजे तिकडून कट केला. म्हणून लिहायला बसलोय. मशीन कसलं ते तुम्हाला माहीत आहेच, पाण्यातले क्षार घालवायला बोरच्या डिलिव्हरी पाइपवर बसवायचं ते चुंबकाचं, ३८,५०० रुपयांचं. मंद्रूपजवळ माझी दीड एकर द्राक्षबाग, बोरचं पाणी मचूळ, जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं घट्ट, होत चाललेली. पाण्याचा ईसी, म्हणजे खारटपणाचं माप, ३.६, मातीचा पीएच ८.८, सोडियम जास्त, हे दोन्ही रिपोर्ट मशीन घ्यायच्या आधीच मी तुमच्या माणसाला व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. त्यानं उत्तरात नुसता अंगठा पाठवला. तो कुठला अंगठा होता ते आत्ता कळतंय.

८ महिने झाले. ठिबकच्या ड्रिपरवर पांढरा थर तसाच, पानांच्या कडा तशाच करपतायत. शेवटी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर विकत आणला, मशीनच्या अलीकडं २३००, पलीकडं पण २३००. तुमचा माणूस म्हणतो क्षार निघत नसतात सर, ते बारीक होतात, मग मुळीला त्रास नाही. व्वा. म्हणजे आमटीत मीठ जास्त पडलं तर चुंबक फिरवायचा.

आता आजचा कॉल. मॅडमनी सिनियर टेक्निकल साहेबांना जोडून दिलं, त्यांचं पहिलंच वाक्य, "सर तुमचं शेत समुद्रापासून किती किलोमीटरवर आहे?" मी म्हटलं सोलापूर. "हो सर, पण अंदाजे?" मी म्हटलं अहो सोलापूर, जिल्हा सोलापूर, समुद्र अडीचशे किलोमीटरच्या पुढं आहे आणि आम्ही त्याच्यापेक्षा साडेचारशे मीटर उंचीवर बसलोय. तिकडं कीबोर्डचा टकटक आवाज. मग म्हणतात, "ओके सर, मग भरतीच्या वेळी खारं पाणी आत शिरत असणार, भरती-ओहोटीचं टायमिंग बघून बोर चालवा." मी खरंच दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्याकडं भरती येते ती आषाढीला पंढरपुरात, आणि ती माणसांची. तसं सांगितलं तर म्हणतात, "सर तुम्ही को-ऑपरेट करत नाही आहात."

एक सांगू का, तुमची स्क्रिप्ट किनाऱ्यावरची आहे आणि तिथंही ती चालत नाही. माझा साडू अलिबागला असतो, वाडीतली विहीर त्याची पण मचूळ झाली. तिथलं कारण वेगळं, गोडं पाणी हलकं म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून असतं, गावात बंगले वाढले, सगळ्यांनी उपसा वाढवला आणि गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली की खालचं खारं पाणी जवळजवळ ४० मीटर वर सरकतं. त्याच्या खाली खाडीला लागून भातशेती, तिथं उधाणात खारं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधाला खांड पडली की पाणी सरळ शेतात. पण त्यांच्याकडं पाऊस एवढा की पावसाळ्यात मीठ धुऊन जातं आणि भात येतं. आमच्याकडं पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यात काय धुणार? काळ्या मातीत निचरा नाही, वरनं मचूळ पाणी देत राहायचं, ऊन पाणी उडवून नेतं आणि मीठ मागं राहतं. मीठ उडत नसतं साहेब. तुमच्या पत्रकात मात्र "जमिनीतले क्षार १०० टक्के गायब". गायब होऊन जातात कुठं?

आणि ज्यानं खरा जीव जळतो ते हे. मे महिन्यात मी जिप्समच्या गोण्या आणून ठेवल्या होत्या, पाणी निचरायला चर पण काढून घेणार होतो. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीतनं हुसकावतं, मग पावसाचं पाणी त्याला चरातनं बाहेर काढतं, इतकं साधं काम. तुमचा माणूस मशीन बसवायला आला आणि म्हणाला आता जिप्समला हात लावू नका, मशीनचा इफेक्ट जातो. मी ऐकलं. अख्खा पावसाळा वाया गेला, गोण्या शेडमध्ये दगड झाल्या. ३८,५०० रुपये देऊन वर पावसाळा घालवला, आणि आता मला भरतीचं टायमिंग बघायला सांगताय!

माझे पैसे १५ दिवसांत परत पाहिजेत. नाहीतर २०१९ च्या ग्राहक कायद्यानं मी राहतो तिथंच, म्हणजे सोलापुरातच, जिल्हा आयोगात केस घालता येते, ५ लाखांपर्यंत फी पण लागत नाही. तारखेला त्या टेक्निकल साहेबांनाच पाठवा. स्टेशनवर उतरल्यावर समुद्र कुठं आहे ते त्यांनी स्वतः विचारावं, रिक्षावाले सांगतील.

मशीन काढून गोठ्यात ठेवलंय. नातू त्याला खिळे चिकटवत बसतो, त्याचा एवढाच उपयोग झाला. न्यायला याल तेव्हा त्याची समजूत तुम्हीच काढा.

एक (माजी) ग्राहक, सोलापूर