फ्रँकफर्ट–मुंबई उड्डाणाचा विलंब : व्हाउचर नको, नियमात बसणारी भरपाई द्या

प्रति,
मा. नोडल अधिकारी,
प्रवासी तक्रार निवारण विभाग

विषय : विलंबाबद्दल दोन प्रवाशांची नुकसानभरपाई, तसेच देखभालीचा खर्च मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या फ्रँकफर्ट–मुंबई विमानाने मी आणि माझी आई परत येत होतो. रात्री साडेआठला सुटणारे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी सुटले आणि आम्ही मुंबईत ठरलेल्या वेळेपेक्षा सतरा तास उशिरा पोहोचलो. मी आपल्या ग्राहक सेवेकडे भरपाई मागितली. त्यांचे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे.

त्या उत्तरात म्हटले आहे की विलंब तांत्रिक कारणामुळे झाला, प्रवाशांच्या सुरक्षिततेला कंपनी सर्वोच्च प्राधान्य देते, कंपनी युरोपीय नसल्याने युरोपचा नियम तिला लागू नाही, आणि सद्भावना म्हणून प्रत्येकी एक प्रवास व्हाउचर देण्यात येत आहे.

नियम लागू नाही, हे विधान सरळसरळ चुकीचे आहे. युरोपीय महासंघाची नियमावली २६१/२००४ ही १७ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आहे. तिच्या कलम ३ नुसार महासंघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला ती लागू होते, मग विमान कोणत्याही देशातील कंपनीचे असो. बाहेरून महासंघात येणाऱ्या उड्डाणांसाठी मात्र कंपनी युरोपीय असावी लागते. आमचे विमान फ्रँकफर्टहून निघाले. रोज तिथून विमाने सोडणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला हा फरक माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. प्रवाशाला माहीत नसेल अशी अपेक्षा ठेवून हे वाक्य लिहिले जाते, असे मला वाटते, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग आला आहे.

आता तांत्रिक कारणाविषयी. नादुरुस्त विमान तुम्ही उडवले नाही हे योग्यच केले. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण सुरक्षितता आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमावलीने कंपनीला भरपाईतून सूट दिली आहे ती फक्त असाधारण परिस्थितीसाठी, आणि सर्व वाजवी उपाय करूनही ती टाळता आली नसती तरच. हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २२ डिसेंबर २००८ च्या वॉलेंटिन-हरमन निकालात सांगितले की विमानात बिघाड होणे हा विमान कंपनीच्या रोजच्या कामकाजाचाच भाग आहे. देखभालीत सापडलेला किंवा देखभाल न झाल्याने उद्भवलेला बिघाड एरवी असाधारण ठरत नाही. १७ सप्टेंबर २०१५ च्या व्हान डेर लान्स निकालातले प्रकरण तर आमच्यासारखेच आहे. किटोहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या विमानाचा इंधन पंप आणि आणखी एक भाग निकामी झाला होता, सुटे भाग दुसरीकडून विमानाने मागवावे लागले आणि प्रवासी २९ तास उशिरा पोहोचले. ते भाग आयुर्मान संपण्याआधीच अचानक बिघडले होते, तरीही न्यायालयाने कंपनीला सूट दिली नाही. पक्षी धडकणे वेगळे, निर्मात्याने जाहीर केलेला छुपा दोष वेगळा. तसे काही घडले असेल तर कागद दाखवा, मी मागणी मागे घेईन. त्या रात्री गेटवर तुमच्याच कर्मचाऱ्याने आम्हाला सांगितले की एक भाग बदलायचा आहे आणि तो दुसऱ्या शहरातून यायचा आहे. कोणता भाग, हे आजवर कोणी सांगितलेले नाही.

फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणांना बंदी असते, म्हणून उशीर वाढला, असेही मला फोनवर सांगण्यात आले. ही बंदी २०११ पासून आहे. साडेआठचे विमान तिथून सोडणाऱ्या कंपनीला ती वेळापत्रक आखतानाच ठाऊक असते. साडेआठ ते अकरा या वेळात विमान दुरुस्त झाले नाही, याचे कारण बंदी नव्हे, बिघाड आहे.

विमान रद्द झाले नव्हते, फक्त उशीर झाला, हा मुद्दाही आपण पुढे करू नये. त्याच न्यायालयाच्या १९ नोव्हेंबर २००९ च्या स्टर्जन निकालापासून तीन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाला रद्द उड्डाणाच्या प्रवाशाइतकीच भरपाई मिळते.

त्या रात्रीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. आईचे गुडघे निकामी झाले आहेत, त्यामुळे तिकीट काढतानाच आम्ही व्हीलचेअर नोंदवली होती. फलकावर वेळ पुढे पुढे सरकत राहिली आणि अकरा वाजून गेल्यावर घोषणा झाली की विमान आता उद्या. थोड्याच वेळात एक माणूस आला आणि कामाची पाळी संपली म्हणून आईला उठवून खुर्ची घेऊन गेला. त्यानंतर ती सकाळपर्यंत गेटजवळच्या लोखंडी बाकावर होती. मधल्या हातांमुळे त्या बाकावर आडवे होता येत नाही. तिचे पाय इतके सुजले की सकाळी चप्पल चढेना. हॉटेलबद्दल विचारले तेव्हा खोल्या शिल्लक नाहीत एवढेच उत्तर मिळाले. खाण्याची कुपने मध्यरात्रीनंतर वाटली, तेव्हा त्या भागातली दुकाने बंद झाली होती, आणि सकाळी दुकानदाराने कालच्या तारखेची कुपने घ्यायला नकार दिला. पाणी आणि नाश्ता मी माझ्या कार्डावर घेतला.

त्याच नियमावलीच्या कलम ९ नुसार प्रतीक्षेच्या प्रमाणात खाणेपिणे, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथवर नेण्याआणण्याची सोय विनामूल्य द्यायची असते. कलम ११ नुसार हालचालींवर मर्यादा असलेल्या प्रवाशाला आणि त्याच्या सोबतच्या माणसाला ही देखभाल विलंब कितीही असला तरी शक्य तितक्या लवकर मिळाली पाहिजे. परिस्थिती असाधारण असली तरीही या कर्तव्यातून सुटका नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश बंद झाले होते, त्या प्रकरणातही न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी हेच सांगितले. विलंब दोन तासांवर गेला की प्रवाशांना त्यांच्या हक्कांचे लेखी पत्रक द्यावे लागते. आमच्या गेटवर ते कोणालाही दिले नाही. शेजारच्या बाकांवर लहान मुले घेऊन बसलेल्या किती जणांना आजही माहीत नसेल की त्यांचे पैसे निघतात!

व्हाउचर मी स्वीकारत नाही. ते वर्षभरातच वापरायचे, दुसऱ्याला देता येत नाही, आणि ‘स्वीकारा’ हे बटण दाबले की पुढे कोणताही दावा राहणार नाही अशी अट खाली बारीक अक्षरांत आहे. कलम ७ नुसार भरपाई रोख, बँकेमार्फत किंवा धनादेशाने द्यायची असते. प्रवाशाने सही करून संमती दिली तरच व्हाउचर चालते. कलम १५ नुसार असा हक्क कोणत्याही अटीने काढून घेता येत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. अंतर ३,५०० किलोमीटरहून जास्त असल्याने प्रत्येकी ६०० युरो, म्हणजे दोघींचे मिळून १,२०० युरो, आणि सोबत जोडलेल्या पावत्यांप्रमाणे खाण्यापिण्याचा खर्च. मुंबईहून पुढच्या प्रवासाचे वेगळे काढलेले तिकीट वाया गेले. ती रक्कम मी आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलच्या १९९९ च्या माँट्रियल कराराच्या कलम १९ खाली, म्हणजे विलंबामुळे झालेले नुकसान म्हणून, मागत आहे. भारतही त्या करारात आहे. व्हीलचेअर काढून घेतल्याची चौकशी व्हावी आणि त्याचे उत्तर माझ्या आईच्या नावे यावे. तिला पैशांपेक्षा त्या उत्तराची जास्त गरज आहे.

पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम जमा झाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार दाखल करीन, आणि नियमभंगाबद्दल जर्मनीच्या लुफ्टफार्ट-बुंडेसआम्ट या विमान वाहतूक प्राधिकरणाकडेही लिहीन.

बोर्डिंग पास, बुकिंगची प्रत, व्हीलचेअर नोंदणीचा ईमेल, न वापरलेली कुपने, पावत्या, गेटवरील फलकाचे फोटो आणि बँक खात्याचा तपशील सोबत जोडला आहे. भरपाई नाकारायची असेल तर उत्तरात बिघडलेल्या भागाचे नाव, बिघाड कधी लक्षात आला ती वेळ आणि त्याची देखभाल नोंद द्यावी.

कळावे,
आपली,
तक्रारदार प्रवासी (स्वतःसाठी व आईच्या वतीने)